बाकीचं नियमांत पाहू

बाहेर सत्तेचाळीस डिग्री ऊन पेटलं होतं आणि सोमाजी नैताम दोन ब्लँकेटं पांघरून थरथरत बसला होता. उभ्या जन्मात ज्याने लोकांच्या छपरांवर चढून कवेलू फेरले, तो हा माणूस. कवेलू म्हणजे मातीची कौलं. पावसाआधी, ऐन वैशाखात, जुनी काढायची, फुटकी फेकायची, नवी बसवायची. ते काम सावलीत होत नाही. पळसगावातलं एक जुनं घर नसेल ज्याच्या छपरावर सोमाजीच्या टाचा भाजल्या नाहीत. आणि त्याच माणसाला उन्हापासून वाचवायला सरकारने धान गिरणीच्या गोदामात कोंडून ठेवलं होतं.

गोदामाच्या दारावर 'शीतनिवास' अशी पाटी होती. गाव त्याला फ्रीज म्हणायचं. "अमक्याले फ्रिजात टाकलं" असं.

सुगंधा, त्याची पोर, गावच्या हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायची. नवरा गेल्यापासून बापाजवळच राहायची. भेटीच्या खोलीत ती बापासमोर बसली तेव्हा तिच्या पाठीचा घाम अजून वाळला नव्हता.

"बा, जेवला का?"

"जेवलो ना. सकाळी खिचडी, संध्याकाळी खिचडी. मी का बाळंत झालो का वं?"

"औषध घेतलं?"

"तुमच्या औषधाले आग लागो. माय, मले घरी ने." म्हातारा पुढे वाकला. "बाजूचा बुढा म्हनते, आपल्याले पेरणीच्या बीजाईवानी राखून ठेवलं. मी म्हनलो, अबे, बीजाई तरी मिरगाले बाहेर काढतेत."

सुगंधा हसली. मग तिचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. काळ्या, राकट, चामड्यासारख्या टाचा मऊ पडून पांढुरक्या झाल्या होत्या. लहान पोराच्या असतात तशा.

आता कुणाला आत टाकायचं ते ठरवणाऱ्या यंत्रावर राग काढणाऱ्यांनी आधी नीट ऐकून घ्यावं. यंत्र खोटं बोलत नव्हतं.

काही वर्षांमागे असा एक उन्हाळा आला होता की आठवडाभर रात्रीसुद्धा पारा उतरला नाही. माणसं झोपेत मेली. सरणाला लाकडं पुरेनात. त्यानंतर एका संशोधक गटाने शोध लावला की प्रत्येक अंगाची उन्हाची एक हद्द असते आणि ती रोज बदलते. घामातलं मीठ, नाडीची चाल आणि झोपेतलं अंगाचं तापमान एवढ्या तीन गोष्टी मनगटावरच्या पट्टीने मोजल्या की उद्याच्या उन्हात हे अंग टिकेल की कोसळेल ते आज सांगता येतं. त्या आकड्याला दाहांक म्हणत. आकडा जेवढा मोठा तेवढा धोका मोठा. पहिल्याच वर्षी दाहांकाने हजारो जीव वाचवले. हे खरं आहे आणि ते नाकारणारा बेइमान.

नासलं ते पुढे. एवढं मोठं हत्यार हाती आल्यावर ते कुणावर, किती, कुठवर चालवायचं हे ठरवायचं काम विधिमंडळाचं होतं. आपण त्यांना निवडतो ते त्यासाठीच. पण कायदा आला हिवाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, गोंधळात, आणि बाकावरचे सगळे शाली-स्वेटर घालून बसले होते. उन्हाचा कायदा, आणि स्वेटर! मोजकी कलमं. त्यांचं सार एवढंच की उष्णतेने कुणाचा मृत्यू होऊ नये, त्यासाठी उष्मा संरक्षण प्राधिकरणाने आवश्यक ते सर्व नियम करावेत, आणि नियम स्वयंचलित पद्धतीनेही करता येतील. कुणीतरी विचारलं, कुणाला कोंडणार, किती दिवस, सोडणार कोण? मंत्री उठून म्हणाले, "बाकीचं नियमांत पाहू." आणि खाली बसले. झाला कायदा. सुगंधाचा सख्खा भाऊ प्रल्हाद नैताम, पळसगावचा आमदार, तेव्हा सभागृहातच होता. त्याला घाई होती. संध्याकाळी कुणाच्या तरी शेतावर हुरडा होता.

प्राधिकरणाने काय केलं? रोज, दर वॉर्डाला, हवेप्रमाणे वेगळा नियम लागतो. तो कोणता कारकून लिहिणार? नियम लिहायलाच त्यांनी यंत्र बसवलं. रोज पहाटे पाच वाजता जुने नियम रद्द व्हायचे आणि नवे लागू व्हायचे. कुणी किती वाजेपर्यंत घराबाहेर राहायचं, कुणाच्या घरी कूलरला वीज द्यायची, कुणाला शीतनिवासात न्यायचं, सगळं त्यात. लोक शेत, दुकान, लग्न, मयत, सारं काही पाच वाजता फोन पाहून ठरवायला लागले. ओढाताण नाही की अरेरावी नाही, सगळं शांतपणे. वशिला चालत नव्हता म्हणून लोक खूशही होते.

सोमाजीला पहिल्या वर्षी थोडेच दिवस नेलं. दुसऱ्या वर्षी अख्खा उन्हाळा. यंदा होळीची राख निवत नाही तोच गाडी दारात.

"दरवर्षी आकडा वाढतोच कसा?" सुगंधाने शीतनिवासाच्या डॉक्टरांना विचारलं. डॉ. हर्षल भोयर. तरुण होता, डोळे कायम तांबारलेले.

डॉक्टरने आधी दार लोटून घेतलं.

"मॅडम, उन्हाची सवय म्हणजे नुसती म्हण नाही. रोज थोडं ऊन लागलं की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं. दोनेक आठवड्यांत अंग हे शिकतं. आणि थंडाव्यात बसवून ठेवलं तर काही आठवड्यांतच विसरतं. तुमचे वडील पहिल्यांदा आले तेव्हा माझ्यापेक्षा कणखर होते. वय जास्त म्हणून आकडा थोडा वर गेला, बस. आम्ही त्यांना आत ठेवलं. ठेवल्याने सवय गेली. सवय गेली म्हणून आकडा वाढला. वाढला म्हणून आणखी ठेवलं."

"यंत्राला हे कळत नाही?"

"कळतं की. माझ्याआधी कळतं. पण कायद्याने त्याला एकच गोष्ट विचारलीय, हा माणूस उद्या उन्हाने मरेल का? आत राहिला तर नाही मरणार. पुढच्या वर्षी कसा जगेल, हे विचारायचंच राहून गेलं."

"तुम्ही लिहून कळवा ना वर."

"वर म्हणजे कुठे?" डॉक्टर म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

* * *

आमदारसाहेबांच्या बंगल्यावर गारवा होता. सुगंधाला आत घेतलं, सरबत दिलं. बायको माहेरी होती म्हणून प्रल्हादने ते स्वतःच केलं, साखर जास्त घातली.

"दादा, बाले सोडव."

"तुले का वाटते, मी बसून राहिलो? मी चार जागी फोन केला."

"मग?"

"मग का! तहसीलदार म्हनते माह्या हातात नाही. कलेक्टर म्हनते माह्या हातात नाही. प्राधिकरणाचा अध्यक्ष म्हनते, 'भाऊ, नियम मी वाचतो, लिहीत नाही.' आता यंत्राले का साळा आहे, का मेहुणा आहे, कोनाले पकडू?"

"तू कायदा केला ना त्याचा."

"मी एकट्यानं केला का वं?"

"मी विचारून राहिली, केला का नाही?"

प्रल्हादने ग्लास खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. बापासाठी त्याचा जीव तुटत होता. पण पंधरा वर्षांच्या राजकारणाने माणसाच्या जिभेला एक वळण पडतं, खरं बोलतानाही तिला हिशेब सुटत नाही.

"सुगंधे, खरं सांगू? आधी उन्हाळा आला का माह्या दारात मेलेल्याईचे नातेवाईक बसत. पाणी नाही, लाइन नाही, बाप मेला, तुमी का केलं? मी का सांगू? आता सांगतो, यंत्राचा नियम आहे. लोक मान हालवतेत अन् घरी जातेत. मत मले भेटते, शिव्या यंत्र खाते. कोन्या आमदाराले हे नको?"

"म्हणजे कोणी हिसकून नाही नेलं तुमच्याजवळचं," सुगंधा म्हणाली. "जड झालं म्हणून तुमीच उतरवून ठेवलं."

"शाळेत शिकवतेस ते इथं नको शिकवू."

"शाळेत मी का शिकवते ते तरी माहीत आहे का तुले? कायदा विधिमंडळ करते, असं शिकवते मी. पोट्टे लिहून घेतेत बिचारे."

सरबत तसंच राहिलं. ती निघताना प्रल्हाद दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "कोर्टात जा. खर्च माहा. नाव नको माहं."

* * *

वकीलबाई होत्या नसरीन काझी. हायकोर्टासमोरच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर ऑफिस. तोंडात सुपारी, समोर कागदांचा ढीग.

"ताई, साधी गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "लग्नाचा स्वयंपाक आपण आचाऱ्याला देतो. मीठ किती, तिखट किती, त्याने ठरवावं. आपल्याला येत नाही, वेळ नाही. चालतं. घटनेलाही चालतं. पण पंगतीत कुणाला बसवायचं आणि कुणाला उठवायचं, हे आचारीच ठरवायला लागला तर लग्न कुणाच्या घरचं? विधिमंडळाने तपशील देऊन टाकावा, मूळ निर्णय देता येत नाही. आपल्या कोर्टांनी हे फार आधीपासून सांगितलंय."

"म्हणजे जिंकू आपण?"

काझीबाईंनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. "कायदा आपल्या बाजूने आहे. जिंकणं वेगळं."

पहिली याचिका सोमाजीला कोंडणाऱ्या नियमाविरुद्ध होती. सुनावणीच्या दिवशी सरकारी वकील उठले, अगदी नम्रपणे, आणि म्हणाले की ज्या नियमाला आव्हान दिलंय तो अस्तित्वातच नाही. तो दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचला संपला. आज सोमाजी नैताम वेगळ्या नियमाखाली आत आहेत. शब्द तेच होते, क्रमांक निराळा होता. याचिका निष्फळ म्हणून निकाली.

काझीबाईंनी दुरुस्ती करून पुन्हा लावली. पुन्हा तेच. पाण्यावर काठी मारावी तसं चाललं होतं. घाव बसायचा आणि क्षणात पाणी सपाट. शेवटी त्यांनी नियम सोडला आणि थेट कायद्यालाच हात घातला. विधिमंडळाला आपला अधिकार असा देऊन टाकताच येत नाही, म्हणून कायदाच घटनेविरुद्ध आहे.

त्या दिवशी सुगंधा शेवटच्या बाकावर बसली होती. न्यायमूर्ती वयस्कर होते, लक्ष देऊन ऐकत होते. तिला आशा वाटली. आशा ही एक हलकट गोष्ट आहे. नको तिथे उगवते.

सरकारी वकील म्हणाले, "विधिमंडळाने ताबा सोडलेला नाही. प्रत्येक नियम सभागृहाच्या पटलावर ठेवला जातो, म्हणजे सदस्यांपुढे मांडला जातो. तीस दिवस तो तिथे असतो. सभागृह तो रद्द करू शकतं."

"माय लॉर्ड," काझीबाई उठल्या, "नियमाचं आयुष्य एक दिवस आणि त्याची तपासणी तीस दिवस. मेलेल्याची नाडी पाहायला बसवलंय सभागृहाला. आणि रोजचे नियम छापले तर हे दालन भरेल. कोण वाचतं?"

"धोरण तर कायद्यात आहे," न्यायमूर्ती म्हणाले. "जीव वाचवणं."

"ते धोरण नाही, माय लॉर्ड, ती इच्छा झाली. इच्छा माझ्या आजीचीही होती. कुणाला कोंडायचं, किती दिवस, कशाच्या आधारावर सोडायचं, हे धोरण. ते कायद्यात कुठेही नाही."

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "तुमचा मुद्दा मला दिसतो, मिसेस काझी. पण एक सांगा. एवढ्या काळात एका तरी सदस्याने एका तरी नियमाला हरकत घेतली का? सभागृह स्वतः तक्रार करत नाही, तोवर त्याचा अधिकार गेला असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?"

 सुगंधाच्या डोळ्यांपुढे तिचा भाऊ आला, सरबत ढवळणारा.

ती त्याच पावली त्याच्याकडे गेली. या वेळी ती भांडली नाही. "एकदा उभा राहा दादा. एकच हरकत. कोर्टाले एवढंच पायजे." प्रल्हादने मान डोलावली, आणि त्याने खरंच लेखी सूचना दिली. पक्षाचा गटनेता तापला, तरी दिली. आठवड्याने सचिवालयाचं उत्तर आलं. सन्माननीय सदस्यांनी ज्या नियमाला हरकत घेतली तो आता अंमलात नाही. सबब सूचना अस्वीकृत.

प्रल्हादने ते तिला फोनवर वाचून दाखवलं. वाचताना त्याचा आवाज मोकळा झालेला तिला ऐकू आला. परीक्षा रद्द झाल्याचं कळलेल्या पोरासारखा.

"आपन केलं ना आपलं काम," तो म्हणाला.

कायद्याविरुद्धची मुख्य याचिका उन्हाळी सुट्टीनंतर, मोठ्या खंडपीठापुढे, असं झालं. नंतर म्हणजे कधी, ते कुणी सांगेना.

* * *

मे संपत आला आणि सोमाजीने बोलणं कमी केलं. थट्टा बंद झाली. एका भेटीत त्याने तिच्या हाताचं मनगट धरलं आणि इतकंच म्हणाला, "माय, मले इथं नको मरू देऊ."

सुगंधाचं डोकं फिरलं. सुट्टीतल्या न्यायाधीशांपुढे एकट्या सोमाजीपुरता अर्ज करायचा असं ठरलं. कायदा राहू दे बाजूला, हा एक माणूस मुलीच्या जबाबदारीवर सोडा. काझीबाई मागणी सांगत होत्या, त्यांचा मुलगा टाइप करत होता. शीतनिवासातून मुक्त करावे.

"आणि नाव काढून टाका," सुगंधा म्हणाली.

"कशातून?"

"त्यांच्या नोंदणीतून. पट्टी काढा, नाव काढा. त्याईच्या यंत्राले माह्या बापाचं नाव माहीत नको. नाहीतर उद्या पाच वाजता पुन्हा नेतीन."

काझीबाईंना ते पटलं. वकिलांची सवयच ती, मागायचं तर भरपूर मागावं, कोर्ट त्यातलं अर्धं देतं. मागणीत ओळ वाढली. नोंदणीतून नाव वगळावे.

कोर्टाने दोन्ही दिलं.

डॉ. भोयरने आदेश वाचला, परत वाचला. "मॅडम, आत्ता नका नेऊ. पाऊस लागू द्या. आता यांना बाहेर नेणं म्हणजे... ज्याला पोहता येत होतं त्याचे हात बांधून ठेवले इतके महिने, आणि आता नदीत सोडताय."

"सोमवारी प्राधिकरण वरच्या कोर्टात जाणार आहे. सोमवारी आदेश राहील का?"

"नाही राहणार बहुतेक."

"मग?"

 डॉक्टरने बर्फाच्या पिशव्या दिल्या, मिठा-साखरेचं पाणी दिलं, आपला नंबर दिला. खोलीत सोमाजी कपडे घालून तयार बसला होता. महिन्यांनी पहिल्यांदा त्याने स्वतःच्या हाताने धोतर नेसलं होतं. त्याच्याकडे पाहिलं आणि सुगंधाने ठरवलं. कुणीही हेच ठरवलं असतं. पुढे तिने स्वतःला यातून कधी सोडलं नाही, ते निराळं.

उजाडायच्या आत ती त्याला घरी घेऊन आली. खिडक्यांना ओली पोती, मधल्या खोलीत कूलर, माठात वाळा. सोमाजीने आल्या आल्या घराच्या छपराकडे पाहिलं.

"उत्तरेकडचे कवेलू सरकले वं. पावसात गळन."

"गळू दे."

"गळू कसं देऊ? मी का मेलो का?"

दोघंही हसली. त्याने आंबील मागितली, वाटीभर प्याला. दहा वाजेपर्यंत त्याचा चेहरा असा होता की तिला वाटलं, आपण जिंकलो.

अकराला कूलर बंद पडला.

तिने फ्यूज पाहिला. शेजारी विचारलं. त्यांचा कूलर चालू होता, त्यांच्याकडे नोंदणीतली म्हातारी होती. तिने फोन उघडला आणि पहाटेचा नियम वाचला. ऊन फार, वीज कमी. दुपारची थंडाव्याची वीज ज्या घरात नोंदणीकृत जोखमीची व्यक्ती आहे त्याच घराला. बाकीची घरं संध्याकाळपर्यंत बंद.

तिच्या घरात नोंदणीकृत कुणी नव्हतं. तिनेच काढायला लावलं होतं.

हे यंत्राने सूड म्हणून केलं नाही. सूड घ्यायला कुणाची ओळख लागते. यंत्राला सोमाजी नैताम नावाचा माणूस आता माहीतच नव्हता, तसा कोर्टाचा आदेश होता.

तिने त्याला शेजारी हलवायचं ठरवलं. मधे अंगण होतं, उघडं. ओली चादर गुंडाळून, शेजारच्या पोरांच्या मदतीने, खाटेसकट उचललं. अंगणात त्याने डोळे किलकिले केले आणि "लय ऊन आहे वं" म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा. शेजारच्या कूलरपुढे त्याला ठेवलं तेव्हा कातडी कोरडी झाली होती, घाम यायचा बंद झाला होता. तो छपराबद्दल काहीतरी बरळत होता. शिडी धर म्हणत होता. सुगंधाने शिडी धरली आहे असं त्याला सांगितलं. सांगतच राहिली. डॉ. भोयर अॅम्ब्युलन्स घेऊन आला, तोवर सांगण्याची गरज संपली होती.

प्राधिकरणाच्या त्या दिवसाच्या अहवालात जिल्ह्यात उष्णतेने मृत्यू शून्य होते. सोमाजी नोंदणीत नव्हता, म्हणून त्यांच्या मोजणीत मेलाही नव्हता.

सभागृहात मात्र तो मेला. पावसाळी अधिवेशनात मंत्री उभे राहिले आणि भरल्या गळ्याने म्हणाले की न्यायालयाच्या हस्तक्षेपाने एका वृद्धाचा बळी घेतला, ते वृद्ध आपल्याच एका सन्माननीय सदस्याचे वडील होते. पुन्हा असं होऊ नये म्हणून दुरुस्ती आणत आहोत. शीतनिवासातल्या कुणालाही प्राधिकरणाच्या संमतीशिवाय कोणत्याही आदेशाने सोडता येणार नाही. संमती कशी द्यायची ते प्राधिकरण ठरवील. एक मिनिट शांतता पाळली, मग विधेयक घेतलं.

प्रल्हाद दहावं आटोपून तिकडे गेला होता आणि तेरवीला परत आला. मुंडण केलेलं डोकं, पांढरा शर्ट. पंगती उठल्या, लोक पांगले, तेव्हा तो मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसला. सुगंधा पत्रावळी गोळा करत होती.

"काझीबाई म्हनते दुरुस्तीलेही आव्हान देता येते," तो म्हणाला. "कोर्टाचं दार असं बंद नाही करता येत म्हनते."

"तू का म्हनला तितं?"

"का म्हणू? आवाजी मतदान होतं. मी गप्प बसलो."

"बाचं नाव घेतलं तवाही?"

"माह्यानं बोलवलं नाही, सुगंधे. घसा बसला होता."

"विरोधात कोन, असं विचारतेत ना तितं?"

"विचारतेत."

"कोनी बोललं?"

"नाही."

"मंग एकमतानं झालं," सुगंधा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, वर्गात पोरांना सांगावं तसा होता. "एकमतानं म्हणजे सगळ्याईच्या. त्यात तूही आला, दादा. बाच्या नावानं, बाच्या पोराचं मत."

 प्रल्हाद उठला, चपला शोधल्या आणि गाडीकडे गेला. ड्रायव्हरने आधीच एसी लावून ठेवला होता.

अंगणात एक बाई केव्हाची उभी होती. चाळिशीची, पदर डोक्यावर, तेरवीला जेवली नव्हती, जेवायला आलीही नव्हती. सगळे गेल्यावर पुढे आली. म्हणाली, ती नदीपलीकडच्या गावची. सासरा होळीपासून आत आहे. रोज रडते, घरी ने म्हनते. कुणीतरी सांगितलं, नैताम बाईंनी आपला माणूस बाहेर काढला.

"कसा काढला जी, बाई? वकिलीनबाईचा नंबर भेटन का? आमी गरीब आहो, पण काहीबी करू."

सुगंधाच्या हातात खरकट्या पत्रावळींचा गठ्ठा होता. काय काय सांगायचं होतं तिला. घटना, अधिकार, विधिमंडळ, पंगतीत कुणाला बसवायचं ते. भांडा म्हणून सांगायचं होतं.

"चालता-फिरता आहे का?" तिने विचारलं.

"आहे जी. पण लय नरम पडला."

"मग राहू द्या त्याले आतच," सुगंधा म्हणाली. "आता बाहेर नका काढू."

 बाईने दोन्ही हात जोडले, खाली वाकली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, तुमी सांगतलं."